भोकाच्या आजूबाजूला

फुटकी बोट बघायला आलेला माणूस सरळ भोकाशी जातो. वाकतो, आत डोकावतो, कडा चाचपतो आणि विचारतो, "कितीचं काम आहे?" फायबरच्या धंद्यात माझी हयात गेली. सुरुवात पाण्याच्या टाक्यांपासून झाली, मग टेम्पोची टपं, मग मच्छीमारांच्या होड्या आणि शेवटी हौशी लोकांच्या शिडाच्या बोटी. एवढ्या काळात भोक बघून जागच्या जागी आकडा सांगणारे कारागीर पुष्कळ पाहिले. त्यांची बरीच कामं नंतर माझ्याकडे आली.

भोक ही दुरुस्तीतली सगळ्यात सोपी बाब. ते दिसतं, मोजता येतं, बुजवता येतं. बोट खडकावर आपटली की जिथं फुटते तिथला मार तिथंच संपलेला असतो. जिथं फुटत नाही, नुसती वाकून परत जागेवर येते, तिथं तो आत मुरतो. वरून रंगाला ओरखडासुद्धा नसतो आणि आत फायबरचे थर एकमेकांपासून सुटलेले असतात. मी आता लिहितोय ते एका बोटीबद्दल. ती माझ्या एकट्याची नव्हे, चौघांची. तिच्यावर काम करताना धंद्यातल्या जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा आठवत गेल्या, म्हणून त्याही मध्ये मध्ये येतील.

17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या बाहेरून गुजरातकडे गेलं. कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले होते. त्याच दिवशी बॉम्बे हायच्या बाजूला पी-305 हा बार्ज बुडाला आणि त्यावरचे कितीतरी कामगार परत आले नाहीत. त्यापुढे एका हौशी बोटीचं दुःख सांगण्यासारखं नाही, हे मला कळतं. पण बंदरात लहान बोटींची त्या दिवशी दैना झाली एवढं खरं. मुंबईत शिडाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पाऊस जवळ आला की बोटी पाण्याबाहेर काढतात. वादळ त्याच्या आधी आलं आणि बऱ्याच बोटी अजून पाण्यातच, मुरिंगला बांधलेल्या डुलत होत्या.

आमची सव्वीस फुटी बोट त्यातलीच. तेव्हा ती आमची नव्हती. साखळी धरून राहिली, पण साखळीतला एक शॅकल झिजलेला होता, तो सुटला. रात्रभर खडकांवर आपटून सकाळी ओहोटीला ती कुशीवर पडलेली सापडली. डाव्या बगलेला परातीएवढं भोक, आतलं डिझेल इंजिन खाऱ्या पाण्यात बुडालेलं, एका बाजूचं रेलिंग गायब. मालकाचं मन उडालं. डोलकाठी आणि बुडाखालच्या कीलच्या बिडाची जी किंमत आली असती, जवळपास तेवढ्यालाच आम्ही ती घेतली. आम्ही म्हणजे मी, बँकेतून निवृत्त झालेला एक मित्र, एक डॉक्टर आणि कॉलेजात शिकवणारे एक सर. तिघांनाही शीड कळतं. फायबर कळणारा मी एकटा, त्यामुळे पुढची दीड-दोन वर्षं भांडणात माझी बाजू कायम एकटी पडायची.

उरणजवळ करंजाच्या खाडीकाठी एका यार्डात बोट आणून टेकूवर उभी केली. पहिल्या दिवशी मी कुणाला भोकाला हात लावू दिला नाही. प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी घेतली आणि नाळेपासून मागेपर्यंत ठोकत निघालो, एका वेळी चार बोटं पुढं. फळवाला कलिंगड वाजवतो तसंच हे काम आहे. धड थरांवर आवाज टणक आणि बारीक येतो, सुटलेल्या थरांवर बसका येतो. जिथं आवाज बसला तिथं खडूनं फुली. भोकाभोवती फुल्या येणारच होत्या. पण उजव्या बगलेला, जिथं रंग शाबूत होता, तिथंही हातभर लांबीचा पट्टा बसका बोलायला लागला. बोट आधी त्या कुशीवर आपटली असणार आणि नंतर कलंडून दुसऱ्या बाजूला फुटली असणार. बँकवाल्या मित्रानं फुल्या मोजल्या आणि खिशातली डायरी बाहेर काढली. त्या डायरीनं नंतर मला फार छळलं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना एका गोष्टीचं नेहमी आश्चर्य वाटतं. भोक बुजवायचं तर आधी ते मोठं करावं लागतं. फाटलेल्या कडा ग्राइंडरनं खात खात धड थरापर्यंत जायचं आणि तिथून बाहेर उतार द्यायचा. उतार जाडीच्या बारापट. अंग आठ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या चारी बाजूंना जवळपास दहा सेंटिमीटरचा उतार. परातीएवढं भोक बघता बघता खिडकीएवढं होतं आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. डॉक्टर एका रविवारी आला आणि ते उघडं खिंडार बघून म्हणाला, "तू दुरुस्त करतोयस का खिमा करतोयस?" नव्या थरांना धरायला जागा लागते. ती नुसत्या कडेवर मिळत नाही, पसरट उतारावर मिळते. सरळ कडेला ठिगळ लावलं तर लाटेचा प्रत्येक दणका त्या सांध्यावर येतो आणि ठिगळ एक दिवस सबंधच्या सबंध आत येतं.

पण थर टाकायला अजून अवकाश होता. पाऊस तोंडावर आला होता आणि जुनं फायबर पाणी पिऊन बसलं होतं. फायबर पाणी पीत नाही, असं गिऱ्हाईकांना विकणारे सांगतात. पितं. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की हळूहळू पितं, आणि फुटलेल्या कडेतून तर घटाघटा. त्यात मीठ असेल तर ते हवेतलीही ओल ओढत राहतं. म्हणून वाळवण्याआधी गोड्या पाण्यानं धुवायचं, परत धुवायचं, पुन्हा धुवायचं. मग ताडपत्रीखाली दिवे आणि पंखे. वाळलंय की नाही हे बघायचा एक बिनखर्चाचा उपाय आहे. प्लॅस्टिकचा हातभर चौकोनी तुकडा अंगावर चारी बाजूंनी टेपनं चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला दव धरलंय का बघायचं. त्या पावसाळ्यात मी दर आठवड्याला प्लॅस्टिक चिकटवत होतो आणि दर आठवड्याला आत दव होतं. सर म्हणायचे, "कोकणातल्या श्रावणात बोट वाळवणारा तूच पहिला." दव यायचं थांबलं ते दसऱ्यानंतर.

घाई करणाऱ्यांचा एक अनुभव इथंच सांगून टाकतो. एका गिऱ्हाइकाला ठरावीक तारखेला बोटीवर पार्टी द्यायची होती. काम मी सोडलं, कारण अंग ओलं होतं. दुसऱ्या कुणी तरी वर पुट्टी भरून, घासून, आरशासारखा रंग मारून दिला. पार्टी झाली, फोटो छान आले. पुढच्या पावसाळ्यात बोट बाहेर काढली तेव्हा रंगाखाली रुपयाएवढे फोड आले होते. फोडला की आंबट वासाचं पाणी निघायचं. मच्छीमारांच्या लाकडी होड्यांवर फायबर चढवतात, तिथंही हेच होतं. लाकूड ओलं असताना वरून फायबर मारलं की ओल आत कोंडते आणि लाकूड आतल्या आत सडतं. करंजाचा एक म्हातारा तांडेल नुसत्या वासावरून ओळखायचा. होडीच्या आत डोकं घालून नाक ओढायचा आणि सांगायचा, "आतून गेली." मी त्याच्या नाकापुढे माझं ओल मोजायचं यंत्र बऱ्याचदा खिशातच ठेवलं आहे.

जुन्या फायबरवर नवं काम करताना माझा भरवसा इपॉक्सीवर. बोट मूळ पॉलिएस्टर रेझिनची होती. पण जुनं, पक्कं झालेलं पॉलिएस्टर नव्या पॉलिएस्टरला नीट धरत नाही. इपॉक्सी चांगलं धरतं. महाग आहे, त्यावरून डायरीवाल्याशी वाद झाला, तो मी जिंकला. इपॉक्सीबरोबर साधी चटई मॅट चालत नाही, कारण त्या मॅटचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. म्हणून शिवलेलं कापड घ्यायचं. थर पक्का झाल्यावर त्यावर मेणचट साय येते, ती पाण्यानं घासून धुतल्याशिवाय पुढचा थर टाकायचा नाही. मदतीला आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो की कालवलेलं रेझिन बादलीत ठेवू नका, पसरट ट्रेमध्ये ओता. बादलीत ते स्वतःच्याच उष्णतेनं तापत जातं. एकदा एक पोरगा जेवायला गेला आणि मागं बादलीतून धूर यायला लागला. बादली वितळून शेडच्या जमिनीला चिकटली होती.

खिंडार बुजलं. आतून, बाहेरून, थरावर थर. त्या दिवशी बाकीचे तिघं पेढे घेऊन आले. त्यांच्या मते बोट दुरुस्त झाली होती. माझ्या मते खरं काम आता सुरू होणार होतं, आणि ते सुकाणूशी होतं.

सुकाणूचं पातं बाहेरून धड होतं. खालच्या टोकाला फक्त एक केसाएवढी चीर. खडकावर आपटताना बोटीचं वजन कधी तरी त्याच्यावर आलं असणार, एवढा अंदाज मला होता. मी पात्याच्या तळाला बारीक ड्रिलनं भोक पाडलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं. खाली डबा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून वाहत होता आणि सडक्या खेकड्यासारखा वास सुटला होता. असल्या सुकाणूच्या आत फोम असतो आणि मधून स्टेनलेस स्टीलचा दांडा. दांड्याला आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, त्या पात्याला धरून ठेवतात. पातं वळतं ते या पट्ट्यांच्या जोरावर. लोकांना वाटतं स्टेनलेसला गंज येत नाही. उघड्या हवेत येत नाही, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याच्यावर सतत पातळ संरक्षक थर बनत असतो. तेच स्टेनलेस साचलेल्या खाऱ्या पाण्यात, जिथं ऑक्सिजन पोचत नाही तिथं, चिरांमधून खाल्लं जातं. आम्ही पातं कापून उघडलं. तीन पट्ट्यांपैकी एक वेल्डवर तडकलेली, दुसरी मी चिमट्यात धरली तर बिस्किटासारखी हातात आली. तिसरीवर सगळं सुकाणू लटकलं होतं.

त्या दिवशी शेडमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग डॉक्टर म्हणाला, "म्हणजे हे जयगडच्या बाहेर तुटलं असतं." जयगड असेल, दाभोळ असेल, कुठंही असेल, पण तुटलं असतं. भोक असलेली बोट कुणी पाण्यात सोडत नाही. पण या सुकाणूवर आम्ही चौघं बायकापोरांना बसवून निघालो असतो. तिथून पुढं माझे भागीदार बदलले. आधी ते मला घाई करायचे. आता तेच हातोडी घेऊन इथं तिथं ठोकत फिरायला लागले, आणि मला त्यांना आवरायची पाळी आली.

कारण बोट उघडत गेलं की ती उघडतच जाते. कीलचं काम टाळण्यासारखं नव्हतं. कील पुढून खडकावर आदळली की तिची मागची कड वर उचलली जाऊन बोटीच्या बुडात घुसते. म्हणून मार पुढून बसला तरी तडा मागच्या बाजूला, आतून, बघायचा असतो. तसा तो होताच, आणि बुडाला ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्याही सुटल्या होत्या. कील उतरवली, बोल्ट काढले. एक बोल्ट मधोमध पेन्सिलीएवढा बारीक झाला होता. सगळे बदलले, पट्ट्या नव्यानं बसवल्या, बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले. डोलकाठी धरणाऱ्या तारांचंही तसंच. टोकाशी तारेचे सुटे केस बोटाला टोचायला लागले की ती तार गेली असं समजायचं. सगळ्या नव्या घेतल्या. डोलकाठी स्वतः चांगली निघाली, हे नशीब.

पण डेकवरचे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे मी तसेच ठेवले. ते वरच्या रंगीत थरातले होते, खालपर्यंत गेले नव्हते. केबिनचं छत डागाळलेलं, ते तसंच. गाद्या जुन्याच. बुडालेलं डिझेल इंजिन दुरुस्त करायचा डॉक्टरचा हट्ट होता. त्याला ऑपरेशनची सवय. मी ते भंगारात काढायला लावलं आणि मागं आउटबोर्ड मोटर टांगली. इंजिन गेलं तशी त्याच्या थंड पाण्याची आणि पंख्याच्या दांड्याची बुडातली भोकंही कायमची बंद झाली. बुडाला जितकी भोकं कमी तितकी रात्री झोप चांगली लागते. वेग कमी झाला, पण आम्हाला कुठं कुणाच्या लग्नाला वेळेवर पोचायचं होतं?

समुद्रात जाण्याआधी काय दुरुस्त करायचं आणि काय तसंच ठेवायचं याचा विचार करताना मला नेहमी सुहैली आठवते. 1960च्या दशकात मुंबईत आपल्याच सुतारांनी सागात बांधलेली ही बत्तीस फुटी बोट. तिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी फालमथहून निघाला आणि कुठंही न थांबता जगाला वळसा घालून 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी परत आला. एकट्यानं असं करणारा तो पहिलाच. निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत बुडाजवळच्या एका सांध्यातून पाणी यायला लागलं. त्यानं भर समुद्रात बोट उभी केली, पाण्याखाली बुड्या मारून त्या फटीत कापूस ठासला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. मध्ये एक शार्क घिरट्या घालायला लागला, तो त्यानं बंदुकीनं मारला. आपल्याकडच्या होड्यांना काथ्या ठासतात त्याच जातीचं काम. तीनशे दिवसांच्या प्रवासात बोट नवी कोरी ठेवायचा नाद त्यानं केला नाही. पाणी आत येणार नाही आणि डोलकाठी उभी राहील एवढं सांभाळलं. बाकीचं मोडत गेलं, तो चालत राहिला.

आता नावाकडं येतो. बोटीच्या मागच्या सपाट बाजूवर नाव असतं. तिथला रंग घासताना आधी निळा थर गेला, मग पांढरा, आणि त्यांच्यामधून दोन जुन्या नावांच्या अक्षरांची सावली वर आली. दोन्ही इंग्रजी. एकातली तीन अक्षरं वाचता आली, दुसरं बाईचं नाव होतं. रंग निघून जातो, पण अक्षरांखालचा भाग उन्हापासून वाचलेला असतो, म्हणून तो वेगळा दिसतो. यार्डातल्या एकानं लगेच सांगितलं, "शेठ, बोटीचं नाव बदलू नये." गोऱ्या दर्यावर्दींतही हीच समजूत आहे, जुनं नाव समुद्राच्या वहीत लिहिलेलं असतं म्हणे. आमच्या बोटीचं नाव तर आधीच एकदा बदललेलं होतं. बदलल्यामुळे ती फुटली की शॅकल झिजल्यामुळे, यावर शेडमध्ये एक संध्याकाळ खर्ची पडली.

कोळीवाड्यातल्या होड्यांना नाव शोधायला त्रास नसतो. एकवीरा आई असते, मल्हारी असतो, नारळी पौर्णिमेला नवा रंग चढतो तेव्हा नावही नव्यानं गिरवलं जातं. आमच्यासारख्या चार डोक्यांची पंचाईत. बँकवाल्याला आईचं नाव द्यायचं होतं. डॉक्टरला काही तरी वाऱ्याचं, रुबाबदार. सर म्हणाले, नदीचं ठेवा. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या नौदलाच्या म्हादेईला नदीचं नाव आहे. तिच्यावरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्यानं जगाला फेरी मारून आले, आणि तिच्यावरूनच अभिलाष टॉमी 2013 मध्ये कुठंही न थांबता फेरी पुरी करून मुंबईला आले. नदी चांगली, यात वाद नव्हता. पण कुठली? चौघांच्या चार नद्या निघाल्या.

माझी अट एकच होती. नाव व्हीएचएफ रेडिओवर ऐकू आलं पाहिजे. संकटात सोळा नंबरच्या चॅनलवर हाक द्यायची तर बोटीचं नाव तीनदा सांगायचं असतं. वाऱ्यात, खरखरीत, दमलेल्या माणसाच्या तोंडून. 'श्री एकवीरा माऊली प्रसन्न' तीनदा म्हणून बघा. पलीकडचा तटरक्षक दलाचा माणूस अमराठी असू शकतो, हेही लक्षात घ्या. नाव दोन-तीन अक्षरांचं, कडक आवाजांचं हवं.

ते नाव शेवटी यार्डातच मिळालं. उन्हाळ्यात कीलचं काम चालू असताना बोटीच्या टेकूपासून चार पावलांवर खडीत टिटवीनं अंडी घातली. घरटं असं काही नाहीच. नुसती खडी, आणि त्यात खडीच्याच रंगाची चार अंडी. आम्ही भोवती विटा रचल्या. वेल्डरनं केबल लांबून वळवून घेतली. कुणी जवळ गेलं की ती डोक्यावर झेप घेऊन असा कल्ला करायची की ग्राइंडरच्या आवाजातही कान किटायचे. पिल्लं निघाली आणि दोन-तीन दिवसांत चालत निघून गेली. सरांनी पंचतंत्रातली गोष्ट काढली. समुद्रानं टिटवीची अंडी नेली आणि ती चिमुकली समुद्राशी भांडायला उभी राहिली. गरुड आणि मग विष्णू मध्ये पडले तेव्हा समुद्रानं अंडी परत दिली. डॉक्टरनं तिथल्या तिथं तोंडाशी हात धरून रेडिओवर बोलल्यासारखं म्हणून बघितलं, "टिटवी, टिटवी, टिटवी." ऐकू येत होतं.

विरोध झाला तो घरातून. माझी आई म्हणाली, "टिटवी ओरडली की गावात कुणी तरी जातं. तुम्ही तिला समुद्रात घेऊन जाणार?" बँकवाल्याच्या घरीही हाच सूर. मी आईशी वाद घातला नाही. आमच्याकडे रात्री टिटवी ओरडली की आई अंगणात पाणी ओतायची, हे मी लहानपणी बघितलंय. मी तो विषय तांडेलापुढं काढला, तो म्हातारा नाकवाला. तो म्हणाला, "रातची वरडते कारण तिला कोन तरी आलेलं दिसतं. आपल्याला दिसत नाय." एवढं सांगून त्यानं बिडी पेटवली. आईला मी हे सांगितलं. तिला ते पटलं असं नाही, पण तिनं एक अट घालून सोडलं. नावाच्या वर 'श्री' लिहायचं.

नाव रंगवायला उरणहून पेंटर आला. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची वाक्यं लिहिणारा. त्यानं खडूनं रेषा आखली, मग मागं जाऊन एक डोळा मिटून बघितलं आणि रेषा पुसून पुन्हा आखली, यावेळी मधोमध किंचित खाली झुकलेली. विचारलं तर म्हणाला, मागची बाजू गोलाई घेते, सरळ ओळ वर चढलेली दिसेल. 'टि'ची वेलांटी त्यानं एका झटक्यात ओढली, हात उचललाच नाही. सव्वा तासात काम झालं. त्या बोटीवर इतक्या कमी वेळात आणि इतक्या कमी पैशांत झालेलं दुसरं काम मला आठवत नाही, आणि तरी गावातले लोक बोट बघायला आले ते त्यानंतरच.

पौर्णिमेनंतरच्या उधाणाला बोट पाण्यात सोडली. करंजाच्या यार्डातल्या उतारावर नेहमीच्या भरतीला एवढ्या खोल कीलला पाणी पुरत नाही. उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं, तेव्हाच जमतं. नारळ आईनं फोडला. बोट तरंगली त्या क्षणी बाकीचे टाळ्या वाजवत होते आणि मी केबिनमध्ये फळ्या उचलून, टॉर्च घेऊन पालथा पडलो होतो. कीलचे बोल्ट कोरडे, खिंडाराची जागा कोरडी. तासाभरानं पुन्हा बघितलं. दुसऱ्या दिवशी भरती-ओहोटी दोन्ही होऊन गेल्यावर पुन्हा.

डिसेंबरात आम्ही मालवणच्या दिशेनं निघालो. हिवाळ्यात किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरून मतलई येते आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा वायव्येकडून भरतो. दक्षिणेला जायचं तर दोन्ही कामाला येतात. खांदेरीच्या दीपगृहाला वळसा घातला तेव्हा मतलई पडली होती. दुपारी वारा भरला आणि बोट पहिल्यांदा कुशीवर झुकली, तीच डावी कूस पाण्यात. कुणी बोललं नाही, पण चौघांचीही नजर त्याच जागेवर होती. सुकाणू डॉक्टरच्या हातात होतं. दोन तास त्यानं ते कुणाला दिलं नाही. मुरूड मागं टाकून संध्याकाळी राजपुरीच्या खाडीत, जंजिऱ्याच्या आत नांगर टाकला.

रात्री जेवणं झाल्यावर मी सवयीनं फळी उचलली. बुडात पाणी होतं. वाटीभर असेल, जास्त नाही. सर माझ्या खांद्यावरून बघत होते, त्यांचा चेहरा पडला. बँकवाला उठून बसला. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारं असतं तर सकाळी मुंबईचा रस्ता धरायचा होता. गोडं होतं. पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या नळीची क्लिप सैल झाली होती. टाकी जुनीच होती, तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. डॉक्टरनं स्क्रू ड्रायव्हर दिला, मी क्लिप आवळली आणि स्पंजनं बूड टिपून काढलं. बँकवाल्यानं डायरीत 'टाकी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या, आणि पहाटेची मतलई धरायची म्हणून साडेचारचा गजर लावला.